यादीतलं विसावं यंत्र

दोन हजार तेवीस साल, मला एकाहत्तरावं लागलेलं. एप्रिलातला मंगळवार होता. मी स्टुलावर चढून कूलरच्या जाळीत नवा वाळा भरत होतो, तेवढ्यात सूनबाई उघडा लॅपटॉप हातावर धरून दारात येऊन उभी राहिली.

"बाबा, खाली उतरा आधी. बोलायचंय."

"वरून ऐकू येतं मला. बोल."

"ऑफिसनं माझं घरून काम थांबवलंय. आपल्या घरच्या नेटवरून कुणीतरी दिवसरात्र परक्या मशीनची दारं ठोठावतंय म्हणे. शुक्रवारपर्यंत शोधून, साफ करून दाखवायचं. नाहीतर सोमवारपासून रोज गुरगाव."

मी खाली उतरलो.

तिला गुरगाव म्हणजे काय, हे आमच्या घरात कुणाला समजावून सांगायला नको होतं. मयूर विहारहून मेट्रोनं, पुढे रिक्षानं, जाऊन-येऊन चार तास. नात पाच वर्षांची. मुलाचं ऑफिस आधीपासून तिकडेच, आणि दोन वर्षं तो एकच धोशा लावून बसला होता, "बाबा, चलो ना, तिकडेच राहू सगळे." सूनबाईचं काम घरून चालत होतं, एवढ्या एका कारणावर ती तिघं इथं होती. आणि मी जाणार नव्हतो. हे घर सोडणार नाही असं मी जेवणाच्या टेबलावर, पाहुण्यांसमोर, इतक्या वेळा बोलून ठेवलं होतं की आता मागे फिरायला वाटच नव्हती. म्हणजे शुक्रवारपर्यंत ते ठोठावणं थांबलं नाही, तर तिघं तिकडे आणि मी इथं, कूलरपुढे.

माझी शाळा चौथीपर्यंत. पुढचं सगळं तारेनं शिकवलं. साताऱ्याकडून दिल्लीला आलो तो टेलिफोन खात्यात खड्डे खणायला, आणि निवृत्त झालो तो केबल जोडणारा, म्हणजे जॉइंटर म्हणून. रस्त्याच्या खड्ड्यात बसून शेकडो तारा रंगावरून ओळखायच्या आणि जोडीला जोड लावायची, हे माझं काम. निळा, नारिंगी, हिरवा, तपकिरी, राखाडी. झोपेतून उठवून विचारा. मोठमोठे साहेब खड्ड्याच्या काठावर उभे राहून मला विचारायचे, "हो जाएगा?" मी वर न बघता "हो गया" म्हणायचो. तेव्हा लायनीचा दोष शोधायला मला कुणी शिकवावं, हे काही माझ्या गळी उतरणारं नव्हतं. सूनबाई पुण्याची, शिकलेली, सॉफ्टवेअर तपासायचं काम करते. पण तार तिनं जन्मात हातात धरलेली नाही.

"पासवर्ड कुणाकुणाला दिलाय तुम्ही?" तिनं विचारलं.

"ज्यानं मागितला त्याला."

"म्हणजे किती घरं?"

"आठ."

तिनं खुर्ची ओढली आणि बसली.

यात मला काही चुकल्यासारखं वाटत नव्हतं. दारी आलेल्याला पाणी विचारतो तसा मी पासवर्ड देत होतो. समोरच्या पानिपतवाल्याकडे आणि खालच्या मजल्यावरच्या काकूंकडे हवेतून नेट नीट पोचेना, तर मी जिन्यातून दोघांना स्वतः तार ओढून दिली होती. ती तार पहिल्यांदा सोलली तेव्हा आत काय निघावं? निळा, नारिंगी, हिरवा, तपकिरी. माझेच रंग. जुना सोबती भेटावा तसा मी त्या तारेकडे बघत बसलो होतो.

"आज पासवर्ड बदलते. सगळ्यांना बंद," ती म्हणाली.

"नाही. दिलेला शब्द आहे. दोष मी शोधतो, तू मला फक्त यंत्रातलं काय ते सांग."

"फक्त," ती म्हणाली.

संध्याकाळी तिनं कॅलेंडरचं मागचं पान फाडलं आणि टेबलावर माझी शाळा भरली. मध्ये एक चौकोन काढला. "हा राऊटर. बाहेरून एक तार येते. कंपनी आपल्याला एक नंबर देते, त्याला आयपी ॲड्रेस म्हणतात. बाहेरच्या जगाला आपलं घर म्हणजे तो एक नंबर."

"आणि आतल्या फोनांना, टीव्हींना?"

"त्यांना राऊटर आतल्या आत वेगळे नंबर देतो. बाहेर ते दिसत नाहीत. आठ घरांतून कुणीही काहीही पाठवलं तरी बाहेर आपलाच नंबर दिसतो."

"म्हणजे पी.पी."

"काय?"

मग मला तिला शिकवावं लागलं. सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरांत असताना अख्ख्या ओळीत फोन एकट्या माझ्याकडे. मी खात्यातला, म्हणून लवकर मिळालेला. सगळ्या शेजाऱ्यांनी गावाकडे माझाच नंबर कळवलेला, पुढे कंसात पी.पी. म्हणजे फोन शेजाऱ्याचा, माणूस आपला. घंटी वाजली की माझी बायको गॅलरीतून हाक मारायची आणि कुणीतरी ओल्या हातांनी पळत यायचं. एकदा एका शेजाऱ्यानं आमच्या फोनवरून कुणाला तरी यथेच्छ शिव्या घातल्या. दोन दिवसांनी तो माणूस नंबर काढत काढत थेट आमच्या दारात. बायकोनं त्याला चहा दिला. मी माफी मागितली नाही. शिव्या मी दिल्या नव्हत्या.

"मग बाबा," सूनबाई म्हणाली, "तोच माणूस परत आलाय म्हणा. या वेळी माझ्या ऑफिसातून."

तिनं पुढं बरंच सांगितलं. प्रत्येक यंत्राच्या पोटात कारखान्यातून एक नंबर कोरलेला असतो. एकेका यंत्राला पासष्ट हजारांवर दारं असतात, पोर्ट म्हणतात ती.

"एवढी दारं कशाला ठेवायची? कडी कोण लावतं?"

"त्यालाच फायरवॉल म्हणतात. पण आतूनच कुणी बाहेर जाऊन दुसऱ्यांची दारं वाजवत असेल, तर आपली कडी काय करणार?"

मग तिनं राऊटरच्या आत शिरायचा पासवर्ड विचारला. मी म्हटलं, तो कंपनीनं दिलाय तोच आहे. तिनं कपाळाला हात लावला. एका खेपेतल्या सगळ्या कुलपांना एकच किल्ली असावी तसं असतं ते, आणि ती किल्ली जगाला ठाऊक. तो तिनं तिथल्या तिथे बदलला. बरोबर होतं.

राऊटरच्या आत एक यादी होती, त्या घडीला जोडलेल्या यंत्रांची. वीस. ऑफिसच्या कागदावर त्यातलं प्रत्येक यंत्र काय आणि कुणाचं, ते लिहायचं होतं.

"अनोळखी असेल ते बंद करून टाक," मी म्हणालो.

"नुसतं बंद करून चालत नाही. काय होतं ते सांगावं लागतं. नाहीतर परवा दुसरा नंबर घेऊन परत आत येईल."

बुधवारी सकाळी वही आणि पेन घेऊन मी दारोदार निघालो. लोक समजले मी सोसायटीच्या निवडणुकीचं काही घेऊन आलोय. काकूंनी बसवून पोहे दिले आणि म्हणाल्या, "आता तुम्ही शिरगणतीवर का?" फोन, टीव्ही, लॅपटॉप, एका घरात तर दिवा नेटवर चालणारा. प्रत्येकाच्या पोटातला नंबर मी चष्मा कपाळावर ढकलून उतरवून घेतला. दुपारी बेरीज केली. एकोणीस. पुन्हा केली, पुन्हा एकोणीस. यादीत वीस.

त्या एकानं मला बसू दिलं नाही. विसाव्याचं नाव म्हणजे नुसती अक्षरं आणि आकडे, अर्थ काही नाही. आणि ठोठावणारं तेच होतं. सूनबाईला पडद्यावर दिसत होतं. मी राऊटरपुढे खुर्ची टाकून त्याचे हिरवे दिवे बघत बसायचो, उठायचो, गॅलरीत जायचो, परत यायचो. नात शाळेतून आली आणि म्हणाली, "आजोबा, तुम्ही फॅनसारखे का फिरताय?" तिची बॅग उतरवून ठेवताना माझ्या मनात आलं की सोमवारनंतर तिच्या शाळेची बस या कोपऱ्यावर थांबणार नाही. मग बसणं आणखीच अवघड झालं.

आणि मी पानिपतवाल्यावर बोट ठेवलं.

का, तर त्याच्याकडे भिंतीएवढा नवा टीव्ही होता. का, तर माझी तार त्याच्या घरात जात होती. खरं सांगायचं तर मला दोषी तोच हवा होता. माणूस चादरी-ब्लँकेटांचा व्यापारी, पंधरवड्याला पानिपतला जातो, बोलायला मोकळा. आमची जुनी थट्टा होती. मी सोसायटीच्या मीटिंगमध्ये तावातावानं बोललो की तो हळूच म्हणायचा, "बाऊजी, पानिपत में आपका हमारा फ़ैसला तो कब का हो चुका." मी म्हणायचो, "ते तुमचं नव्हतंच, तुम्ही नुसतं मैदान भाड्यानं दिलेलं." पण त्या संध्याकाळी मला थट्टा सुचत नव्हती.

मी जिन्यात त्याला थांबवलं. "आपके घर में कुछ है. मेरी लाइन ख़राब कर रहा है."

"देख लो बाऊजी, जो भी है. सुबह आपने ही तो सब लिखा है."

"कुछ छुपा होगा."

त्याचा चेहरा बदलला. "बाऊजी, लाइन आपकी, आपने दी थी. वापस ले लो. पर इल्ज़ाम मत लगाओ."

मी खिशातून पक्कड काढली आणि जिन्यातली तार त्याच्यासमोर कापली. माझ्याच हातानं ओढलेली. तो बघत राहिला, मग आत गेला आणि दार हळू लावलं. आपटलं असतं तर बरं वाटलं असतं.

घरात येऊन मी म्हणालो, "बघ आता यादी."

सूनबाईनं बघितली. "त्यांचा टीव्ही गेला."

"आणि?"

"तो अजून आहे, बाबा. ठोठावतोय."

गुरुवारी सकाळी मी दाढीसुद्धा केली नाही. कालचा अख्खा दिवस मी शिकाऊ पोरासारखा वागलो होतो, हे मला खात होतं. केबल बिघडली की सगळी उकरत बसायची नाही, ज्याच्यावर राग त्याच्या दारातली तर नाहीच. मधोमध उघडायची आणि दोन्ही बाजू तपासायच्या. जी बाजू साफ, ती सोडायची. उरलेली पुन्हा मधोमध. असं करत गेलं की दोषाला लपायला हातभर जागा उरते. हे मी पोरांना शिकवलेलं, आणि स्वतः विसरलो.

"हवेतलं सगळं एकदम बंद करता येतं?" मी विचारलं.

"येतं. वायफाय बंद. फक्त तारा चालू राहतील."

"कर."

तिनं केलं. पाच मिनिटांत वरून कुणाचा तरी फोन आला की नेट गेलं. मी उचलला नाही. यादीतली नावं एकेक करून गळत गेली.

"तीन उरलीत," ती म्हणाली. "माझा लॅपटॉप, काकूंचा टीव्ही आणि तो."

म्हणजे तो हवेतला नव्हताच. तारेवर होता. तिनं मंगळवारी वायफायचा पासवर्ड बदलला असता तरी तो तसाच राहिला असता. हे मी तिला बोलून दाखवलं. ती म्हणाली, "बरं, पुढे." राऊटरच्या मागे हात घालून मी काकूंची तार उपटली.

"काकू गेल्या. तो आहे."

तिच्या टेबलाची तार उपटली. तिनं आपला लॅपटॉप फोनच्या नेटवर घेतला. राऊटरची यादी दुसऱ्या बाजूनं कशी बघायची ते तिलाच माहीत, पण पडद्यावर बघून ती म्हणाली, "आहे."

राऊटरला चार तारा लावायची जागा. एक पानिपतवाल्याची, ती कापलेली. दोन माझ्या हातात लोंबत होत्या. चौथी भिंतीच्या कडेनं, खिळे मारून, रंग देऊन, माझ्या खोलीत जात होती. इतकी सुबक बसवलेली की गेली तीन वर्षं मला ती भिंतच वाटत होती.

आमच्या धंद्यात म्हणायचे, जॉइंटर स्वतःचा जॉइंट सगळ्यात शेवटी उघडतो. मी हे दुसऱ्यांना टोमण्यासारखं ऐकवायचो.

"तिकडे काय आहे, बाबा?" तिनं विचारलं.

"टीव्ही आहे. बंद आहे. पंधरा दिवस लावला नाही."

"टीव्ही कशाला तार मागेल? तुमचा तर जुना आहे."

ती माझ्याकडे बघत होती आणि मला उत्तर माहीत होतं. मी खोलीत गेलो, टीव्हीच्या मागे हात घातला. साबणाच्या वडीएवढा काळा डबा. गरम होता.

फुटपाथवरून आणलेला, सगळे चॅनेल फुकट दाखवणारा. आणला तेव्हाच ती म्हणाली होती, बाबा, असले डबे घरच्या नेटला लावू नका, आत काय घालून पाठवतात कुणाला ठाऊक. मी म्हणालो होतो, परत करतो. आणि नव्हता केला. झोपताना त्याचा दिवा डोळ्यांवर यायचा, म्हणून मीच त्यावर काळी पट्टी चिकटवली होती. मग तो अडकून अडकून चालायला लागला, म्हणून टीव्ही बंद ठेवला, आणि मी त्याला विसरलो. टेलिफोनमध्ये रिसीव्हर ठेवला की बोलणं संपतं. टीव्ही बंद तर डबाही बंद, असंच मी धरून चाललो. तो मात्र पट्टीच्या आड जागा होता, सारा वेळ.

मी डबा आणून तिच्यापुढे टेबलावर ठेवला. पोटाखालचा नंबर तिनं यादीशी ताडून बघितला. टोचून बोलली असती तर मी भांडलो असतो.

"शोधलात तुम्ही," ती म्हणाली.

"शोधायला कशाला हवा होता. ठेवला मीच."

त्या दिवशी तिनं वायफायचा पासवर्ड बदलला, मी अडवलं नाही. मग म्हणाली की राऊटरमध्ये पाहुण्यांसाठी निराळं नेट काढता येतं, तारेवरसुद्धा. त्यावरच्यांना बाहेर जाता येतं, पण घरातल्या यंत्रांपर्यंत पोचता येत नाही. तरी आठ घरं त्यावर ठेवायची नाहीत, ती तिची अट. फक्त काकू आणि समोरचे, आणि त्यांची यंत्रं कागदावर लिहून. बाकीच्यांना मी जाऊन सांगायचं. समोरचे म्हणाली तेव्हा तिनं माझ्याकडे पाहिलं नाही.

शुक्रवारी दुपारी ऑफिसच्या सुरक्षेवाल्याचा व्हिडिओ कॉल होता. मी इस्त्रीचा शर्ट घालून कॅमेऱ्यात दिसणार नाही असा बाजूला बसलो. माणूस तरुण, आवाज थंड. कागद वाचत होता. वीस यंत्रं, एक काढून टाकलेलं.

"ये जो हटाया, ये किसका था?"

सूनबाईची नजर माझ्याकडे वळून परत पडद्यावर गेली. "एक पुराना बॉक्स था, किसी मेहमान का..."

ती मला वाचवत होती. मला ते समजलं आणि सहन झालं नाही. मी खुर्ची पुढे ओढली.

"मेहमान का नहीं था. मेरा था. इसने मना किया था, मैंने इससे झूठ बोला कि लौटा दिया."

"आप?"

"ससुर. लाइन मैंने डाली है इस घर में."

मग त्यानं कसा सापडला ते विचारलं, आणि मी सांगितलं, हवा अर्धी, तारा अर्ध्या, मग तारांतल्या अर्ध्या. तो लिहून घेत होता की नुसता ऐकत होता, दिसलं नाही. शेवटी म्हणाला, "अंकल, नेटवर्किंग कहाँ से सीखी?"

गड्ढे में सीखी, असं तोंडावर आलं होतं.

"बहू से," मी म्हणालो. "इसी टेबल पर."

सूनबाई पडद्याकडेच बघत राहिली. त्यानं महिनाभर लक्ष ठेवू असं सांगितलं. तोवर घरून काम चालू. पुन्हा काही दिसलं तर बघू. पक्कं हो म्हणाला नाही. मुलगा संध्याकाळी आल्यावर म्हणाला, "चलो, महिना तो मिला." मी म्हटलं, मराठीत बोल. तो हसला. मला मात्र जेवण गेलं नाही. जिन्यातली कापलेली तार येता-जाता दिसत होती. दोन टोकं, चार रंग बाहेर आलेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी, दूधवाला यायच्या आत, मी तारेचं वेटोळं आणि क्लिप दाबायची पक्कड घेऊन समोरची बेल वाजवली. पानिपतवाला बनियनमध्येच होता. मागे चादरींचे गठ्ठे बांधलेले.

"डिब्बा मेरे घर में था," मी म्हणालो. "आपका कुछ नहीं था. ग़लती मेरी. माफ़ करना."

त्यानं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "बाऊजी, तबीयत ठीक है ना?"

"ठीक है. वो सोफ़ा ज़रा हटाओ."

त्यानं सोफ्याचं एक टोक धरलं, मी दुसरं. जुनी तार पूर्ण काढून टाकली. कापलेल्या तारेला मध्ये गाठ मारायची नसते. नवी ओढली, मग जमिनीवर बसून तिचं टोक सोललं आणि रंग लावायला घेतले. पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा. तो चहाचा कप माझ्या गुडघ्याशी ठेवून बघत उभा होता. मी क्लिप दाबली आणि टीव्हीमागे हात घातला. लावायच्या आधी तिथं दुसरं काही जोडलेलं आहे का, ते नीट चाचपून पाहिलं.